हा कितव्या तारखेचा आहे?

चारकोप, सेक्टर चार
रविवार, १५ जून २०२५

ताई,

पत्राचा मायना दहावीला पाच गुणांना होता आणि मला पाचही मिळाले होते. आज खरोखरचं पत्र लिहायला बसलो तर त्यातला एक शब्द हाताला येईना. म्हणून नुसतं ताई.

तू म्हणशील, फोन असताना हे काय. कारण सांगतो. आपल्या घरी स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी गॅलरीत ऐकू जातं. तुझा व्हिडिओ कॉल आला की आई, बाबा, शमू आणि दार उघडं असेल तर शेजारच्या मालनकाकू, एवढी डोकी स्क्रीनसमोर. मग तू म्हणतेस सगळं ठीक, मी म्हणतो इकडेपण ठीक, आणि कोणालाच काही कळत नाही. मेसेज टाइप करावा तर तुझी ही लेक शमू दुसरीत गेल्यापासून छापलेलं दिसेल ते वाचते. परवा माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी तिने आजीला मोठ्याने वाचून दाखवला. हाताने लिहिलेलं तिला अजून लागत नाही. म्हणून मी वहीत लिहून फोटो पाठवणार. तूही तसंच कर.

शुक्रवारी तिकडे लढाई सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडे एक योजना ठरली आहे. आईने ठरवली. शमूला सांगायचं की इस्रायलमध्ये त्यांचा सण आहे, दिवाळीसारखा, म्हणून आईच्या मागे आवाज येतात. शमू म्हणाली, "मग फराळ केला का तिने?" आई म्हणाली, "केला असेल." शमू म्हणाली, "विचारते." आता तुझ्या पुढच्या कॉलला ती फराळाचं विचारणार आहे. तयारीत राहा. चकली सांग, लाडू सांगू नकोस, आईने आधीच चकली सांगितली आहे आणि शमू दोन्ही उत्तरं जुळवून बघते.

टीव्हीची केबल मी काढून ठेवली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. मालनकाकू जिन्यात शमूच्या डोक्यावरून हात फिरवून "बिचारी गं" म्हणतात. मी म्हटलं, काकू, बिचारी म्हणू नका, तिला प्रश्न पडतात. त्या म्हणाल्या, "मी काय वाईट बोलले? बिचारी ती बिचारीच."

मे महिन्यात आपल्याकडे पाकिस्तानशी चार दिवस झालं होतं तेव्हा सोसायटीतली पोरं भोंगा-भोंगा खेळायची. दोन बाजू पाडल्या, पण शत्रू व्हायला कोणीच तयार नाही. शेवटी वॉचमनला केलं. तो बिचारा दोन दिवस मेल्याचं सोंग करत होता. शमूला लढाई म्हणजे ते वाटतं. तसंच वाटू दे, असं आईचं म्हणणं. मला पटत नाही, पण माझं कोण ऐकतं.

मला मात्र खरं लिही. तू कुठे बसतेस, किती वेळ मिळतो, सगळं.

नितेश

•

१६ जून

नितू,

तुझं अक्षर बघून बरं वाटलं. तुमच्या कारखान्यातल्या नावाच्या पाट्यांसारखं, एक काना वाकडा नाही. बारावी दोनदा राहिली यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

अरे, एवढं काही नाही. इमारतीखाली तळघर आहे, लोखंडी दाराचं. भोंगा झाला की दीड मिनिट मिळतं. मी आजींना घेऊन खाली जाते, अर्धा-पाऊण तास बसते, वर येते. मी सांभाळते त्या आजी अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. खुर्चीतून उठायलाच त्यांना एक मिनिट लागतं, आणि वर मला ओरडतात की आधी गॅस बंद कर. त्यांनी अशा किती लढाया बघितल्यात त्या त्यांनाच माहीत. मी घाबरले की मला गोळी चघळायला देतात, लिंबाची.

खालच्या मजल्यावर एक बाई आहे, तिची चार वर्षांची मुलगी सोबत असते. ती आई तिला सगळं सांगते. रॉकेट येतंय, एवढा वेळ आहे, आता आवाज होईल. मला पहिल्या दिवशी राग आला. म्हटलं, काय बाई आहे, एवढ्याशा पोरीला! आपल्याकडे असं कोणी केलं असतं का?

शमूच्या वेण्या घट्ट घालू नकोस, डोकं दुखतं तिचं. डब्यात कोबी नको. सणाचं ठीक आहे, मी चकली सांगेन. तिला काही कळू देऊ नका.

ताई

•

बुधवार, १८ जून

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. भोंगा झाल्यावर दीड मिनिट. त्यातलं एक मिनिट आजींना खुर्चीतून उठवण्यात. उरली तीस सेकंदं. तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस. भोंग्याच्या वेळी लिफ्ट वापरायची नाही हे तूच मला मागे सांगितलं होतंस. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई तीस सेकंदांत तीन मजले उतरते? मला वेड्यात काढायचं तर नीट तरी काढ.

इकडे आणखी एक झालं. बाबांनी गाऱ्हाणं घातलं.

मंगळवारी सकाळी नारळ आणला आणि म्हणाले, प्रांजलसाठी देवाक सांगूचा. मी म्हटलं, सांगा, पण मनातल्या मनात. शमू शाळेत जायची आहे अजून. बाबा म्हणाले, "मनातल्या मनात गाऱ्हाणा? देव काय तुझो मोबाइल आसा, सायलेंटवर ठेवक?" मी म्हटलं, मग निदान लढाईचं नाव काढू नका, 'अडचण' म्हणा. तर अजूनच चिडले. "देवाक अर्धा खरा सांगून चलाचा नाय. नाव, गाव, संकट, सगळा सांगूक व्हया. नायतर तो खंयच्या प्रांजलाक वाचवतलो?"

गाऱ्हाण्याला माणसं लागतात, 'व्हय म्हाराजा' म्हणायला. त्यांनी मजल्यावरची सगळी कोकणातली मंडळी गोळा केली. बारा जण. मालनकाकू पहिल्या. मी शमूला घेऊन खाली जाणार होतो, पण ती युनिफॉर्म घालून सगळ्यांत पुढे जाऊन बसली, कारण तिला 'व्हय म्हाराजा' ओरडायला आवडतं.

आणि बाबा सुरू झाले. घरात त्यांचा आवाज निघत नाही, पण देवापुढे त्यांना पूर्वीचा गिरणीतला आवाज येतो. "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाची आवस, प्रांजल, पोटासाठी परमुलखात गेली आसा. थंय लढाई लागली हा. वरसून आगीचे बाण पडतत, माणसां मरतत. जा काय इघ्न आसात ता आडव, आणि चेडवाच्या आवशीक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी म्हटलं. सगळ्यांत मोठा आवाज शमूचा.

नंतर नारळ फुटला, खोबरं वाटलं, माणसं गेली. शमू खोबरं चावत म्हणाली, "मामा, आगीचे बाण म्हणजे?" मी म्हटलं, "रॉकेट गं, दिवाळीतलं." ती म्हणाली, "मग माणसं मरतत म्हणजे?" मी म्हटलं, "आजोबांचं मालवणी आहे ते, तुला नाही कळणार." तिने उरलेलं खोबरं माझ्या हातात दिलं. बूट घातले आणि शाळेत गेली. बूट घालताना नेहमी भांडते. काल भांडली नाही.

काल संध्याकाळपासून तुझा फोन लागत नाही. हे मिळालं की एक मिस्ड कॉल तरी दे.

नितेश

•

२३ जून

नितू,

मिस्ड कॉल देण्यासारखं काही नव्हतं. पाच दिवस. पत्र कालच बघितलं, नवा फोन सुरू केल्यावर.

तुझं गणित बरोबर आहे. इमारतीला तळघर नाही. जुनी इमारत आहे. आजी खाली उतरतच नाहीत, म्हणतात, मरायचं तर माझ्या मजल्यावर. म्हणून आम्ही जिन्यात बसतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, भिंतीला पाठ लावून. तिथे खिडकी नाही. मंगळवारी पलीकडच्या गल्लीत पडलं. आमच्या घराच्या सगळ्या काचा आत आल्या. माझा फोन टेबलावर होता, तो गेला. मला काही झालं नाही. हाताला दोन टाके पडलेत, उजव्या नाही, डाव्या. आजींना खरचटलंसुद्धा नाही. त्यांनी आधी विचारलं, गॅस बंद केलास का.

दूतावासाने परत जाणाऱ्यांची यादी केली होती. मी नाव दिलं नाही. आजींचा मुलगा दुसऱ्या गावी अडकला आहे, त्यांना जिन्यापर्यंत नेणारी मी एकटी. आईला हे सांगू नकोस. ऑक्टोबरला माझी रजा आहे, तेव्हा बघू.

त्या खालच्या मुलीबद्दल मी लिहिलं होतं ना? काचा फुटल्या त्या दिवशी मी रडत होते, आणि ती चार वर्षांची पोर मला सांगत होती, आता एक मोठा आवाज येईल, मग संपेल. आणि तसंच झालं. तिला माहीत होतं काय होणार. मला नव्हतं.

आता मला सांग, शमूला काय झालंय? काल पाच दिवसांनी या नव्या फोनवरून मी कॉल केला. आई रडत होती, बाबा नमस्कार करत होते, आणि माझी मुलगी मला बघायला तयार नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. मी चार वेळा हाक मारली. तिने तुझ्याकडे बघून विचारलं, "मामा, हा कितव्या तारखेचा आहे?"

तुझा चेहरा पांढरा पडला. तू फोन आईकडे दिलास. माझ्यापासून काय लपवतोयस?

ताई

•

मंगळवार, २४ जून

ताई,

सांगतो. रागावशील, रागाव. पण शेवटपर्यंत वाच.

तू गेल्यापासून तुझे कॉल मी रेकॉर्ड करून ठेवतो. शमूला नंतर बघता यावेत म्हणून. तारीख टाकून, फोल्डर करून ठेवलेत, तुला माझी सवय माहीत आहे. बुधवार, गुरुवार तुझा फोन लागला नाही. शुक्रवारी संध्याकाळी शमू जेवेना. "आईचा फोन का नाही?" आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाली, "दाखव एखादा. तिला काय कळतंय." आईवर ढकलत नाही. आई म्हणाली, पण बटण मी दाबलं. ४ मेचा कॉल लावला, फोन दुरून धरला, आणि म्हणालो, "बघ, आईचा आला."

व्हिडिओत तू म्हणालीस, "आंबा खाल्लास का गं आज?" शमू म्हणाली, "आंबे संपले." तू हसत म्हणालीस, "दोन खाल्लेस? बापरे!"  शमू फोनजवळ आली, स्क्रीनकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाली, "बाबांचा पण असाच होता."

ताई, तेव्हा ती तीन वर्षांची होती. सहदेवभावोजी कोविडच्या वॉर्डात वारले आणि तिला दोन महिने आपण त्यांचे जुने व्हिडिओ दाखवले. 'बाबांचा फोन आला' म्हणून. मला वाटलं होतं, तीन वर्षांच्या पोरीला काय आठवणार. तिला सगळं आठवतंय. ती म्हणाली, "मी बाबांना म्हटलं, घरी या, तर ते म्हणाले, श्रीखंड झकास झालंय."

त्या दिवसापासून तिची खात्री आहे की तू गेलीस. आगीचे बाण, माणसं मरतत, आणि जुना व्हिडिओ. तिने तिचं गणित केलं. माझ्यासारखंच करते.

रडली नाही. त्या तारखेच्या प्रश्नाशिवाय आम्हाला काही विचारलंही नाही, कारण आम्ही खोटं सांगणार हे तिला माहीत. सोमवारी शाळेत जाऊन तिने बाईंना सांगितलं, "माझी आई लढाईत वारली." बाई बिचाऱ्या घाबरल्या. त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाईंनी घरी एक फोन करून विचारायचं, एवढं तरी? नाही. त्यांनी दुपारच्या सुट्टीनंतर दुसरीच्या दोन्ही तुकड्यांना उभं करून दोन मिनिटं शांतता पाळली. तुझ्यासाठी! मग वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली हात जोडलेले. मी कारखान्यात पाटीवर अक्षरं बसवत होतो. फोन पडला हातातून. तुझा चेहरा मी आदल्याच दिवशी बघितला होता, म्हणून निभावलं. एक दिवस आधी आला असता तर?

धावत शाळेत गेलो. म्हटलं, मॅडम, माझी बहीण जिवंत आहे. त्या म्हणाल्या, "मुलगी तसं म्हणत नाही." मी म्हटलं, मी तिचा मामा आहे, मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "मग मुलगी खोटं बोलते का?" मी म्हटलं, नाही, ती खरं बोलते, पण ते खरं नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पालकांचं पत्र आणा. लेखी." आता तू जिवंत असल्याचं लेखी मी कुठून आणू?

घरी वेगळाच गोंधळ. तो मेसेज बघून मालनकाकू तांदूळ आणि नारळ घेऊन दुखवट्याला दारात उभ्या. आईने त्यांच्या तोंडावर दार लावलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

शमू माझ्याशी बोलत नाही. मी तिला शंभर वेळा सांगितलं, आई आहे, रविवारी फोनवर आली ती खरी होती. ती माझ्याकडे नुसती बघते. मी काही म्हटलं की तिचा विश्वास आणखी उडतो. माझी वाट लागली आहे, ताई. तूच काहीतरी कर.

नितेश

•

२५ जून

नितू,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तू समोर असतास तर कानाखाली वाजवली असती. माझा आवाज ऐकवून माझ्या मुलीला मी मेले असं पटवून दिलंस.

मग दुसऱ्यांदा वाचलं. सहदेवच्या वेळी ते व्हिडिओ दाखवायला तुला कोणी सांगितलं होतं? मी. तू वीस वर्षांचा होतास. तू म्हणाला होतास, ताई, असं नको. मी तुझ्यावर ओरडले होते. माझ्यात तिला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुझ्या हातात फोन दिला. तूही परवा तेच केलंस. शिकवलेलंच केलंस.

कालपासून इकडे थांबलंय म्हणतात. टिकेल का माहीत नाही. उद्या गुरुवारी तुमच्या सातला कॉल करते. आईला सांग, मध्ये बोलायचं नाही. बाबांना सांग, देवाला सांगितलं तेवढं पुरे. मालनकाकू असतील तर असू देत, त्यांना घाबरून किती दिवस काढणार. शमूला काही पढवू नकोस. फोन तिच्यासमोर ठेव आणि बाजूला हो.

आणि मी जे सांगेन ते सांगू दे. मध्ये पडू नकोस.

ताई

•

शनिवार, २८ जून

ताई,

गुरुवारचा कॉल तुझ्या बाजूने तू बघितलास. आमच्या बाजूचं तुला दिसलं नसेल म्हणून लिहितो, कारण स्क्रीनवर तुला फक्त तिचं कपाळ दिसत होतं.

तू तिला जिन्याचं सांगितलंस तेव्हा आई पदराने तोंड झाकून स्वयंपाकघरात गेली. काचांचं सांगितलंस, हात वर करून टाके दाखवलेस, तेव्हा बाबा म्हणाले, "पुरे गो, पोर भियतली." मी त्यांना गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदा बाबांना गप्प केलं आणि ते झाले. शमू मात्र हलली नव्हती. टाके बघूनही तिला वाटत होतं, व्हिडिओत टाके असू शकतात.

मग तू सहदेवभावोजींचं सांगितलंस. तारीख, वार, आणि ते व्हिडिओ मामाने दाखवले पण दाखवायला मीच सांगितलं होतं, हेही. ते ऐकून तिने पहिल्यांदा मान वर करून फोनकडे बघितलं. पण अजून खात्री नव्हती. मला तिचा चेहरा दिसत होता. ती चाचपडत होती.

मग तिने विचारलं, "तू परत येणार ना?"

 आपल्या घरात या प्रश्नाचं एकच उत्तर असतं. भावोजींच्या वेळीही तेच सांगितलं होतं आपण. 'हो, लवकरच.' तुझ्या एकेचाळीस रेकॉर्डिंगमध्ये तू शेवटी तेच म्हणतेस, मी मोजलंय.  तुझ्या मागे कसलातरी आवाज झाला आणि तू दचकून तिकडे बघितलंस. मग म्हणालीस, "माहीत नाही गं. ऑक्टोबरला यायचंय. पण नक्की सांगता येत नाही."

शमू उठून उभी राहिली. स्क्रीनला नाक लावलं. तिथून पुढे काय झालं ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. "माहीत नाही म्हणजे काय? आत्ता ये! मला न विचारता का गेलीस? वेणी मामा घालतो, दुखतं मला! कोबी देतात!" पाऊण तास. पाय आपटले, उशी फेकली, माझी पाण्याची बाटली फोडली. आई म्हणाली, थांबव रे तिला. मी थांबवलं नाही. मेलेल्या माणसावर एवढं कोणी ओरडत नाही.

शुक्रवारी शाळेतून परत फोन. म्हटलं, आता काय. मोठ्या बाई स्वतः. शमूने प्रार्थनेनंतर उभं राहून सगळ्या वर्गाला सांगितलं, "माझी आई मेली नाही. तिथे लढाई आहे. ती जिन्यात बसते. दीड मिनिट मिळतं. कधी येणार माहीत नाही." मग पोरांनी प्रश्न विचारले आणि तिने सगळ्यांना उत्तरं दिली, काचांची, टाक्यांची. दोन मुलं रडली. ग्रुपवर पालकांनी तक्रार केली की मुलांच्या मनावर परिणाम होतो. बाई मला म्हणाल्या, "तिला घरी समजवा. मुलांना असलं सांगू नये." मी म्हटलं, मॅडम, तुम्ही तिच्या जिवंत आईसाठी दोन मिनिटं शांतता पाळलीत, त्याचा परिणाम नाही झाला का कोणाच्या मनावर? त्या म्हणाल्या, "तुमचं शिक्षण किती?" मी सांगितलं. खरं सांगितलं. मग त्यांनी फोन ठेवला.

मी थकलोय, ताई. आई म्हणते, तू पोरीला हट्टी केलंस. बाबा केबल परत लावून मागतात. मालनकाकूंशी बोलणं बंद आहे, त्यामुळे विरजण खालच्या मजल्यावरून आणावं लागतं.

आज सातला कॉल कर. उशीर करू नकोस. ती सकाळपासून वही घेऊन बसली आहे, तुला विचारायचे प्रश्न लिहितेय. मी मोजले, चौदा झालेत. त्यातले तीन मला येत होते, म्हणून म्हटलं, हे मी सांगतो. तिने वहीवर हात ठेवला.

"तू नको सांगूस," म्हणाली. "आई सांगेल."

नितेश